पाच मिलिमीटरचा स्पेसर, दहा मिलिमीटरचा स्टड: रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींवर चालणाऱ्या एका गाडीचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण आपल्याकडे २००३ पर्यंत विकल्या गेलेल्या, दीड लिटर व्हीटेक इंजिनाच्या एका होंडा सिटीचे आहे. गाडीमालक तिशीच्या आतला तरुण असून तो कोल्हापुरातल्या राजारामपुरीत राहतो आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीनशॉपमध्ये काम करतो. गाडी रोजच्या जाण्यायेण्याची आहे. वर्षातून दोनदा मात्र हीच गाडी उजळाईवाडीपाशी महामार्गाला लागते आणि बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकुरू, बेंगळुरू, वेल्लोर असा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग न सोडता श्रीपेरुंबुदूर ओलांडून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पोहोचते. कोल्हापूरच्या अंगावरून जाणारा रस्ताच ट्रॅकच्या दारापर्यंत जातो, ही गोष्ट त्या तरुणाला फार मोलाची वाटते. मला मात्र त्यातली अडचण आधी दिसते. गाडी ट्रेलरवरून जात नाही, ती स्वतःच्या चाकांवर जाते आणि दिवसभर ट्रॅकवर पळून त्याच चाकांवर परत येते. तेव्हा चाकाच्या बाबतीत घेतलेला प्रत्येक निर्णय नऊशे किलोमीटरच्या रस्त्यालाही मानवला पाहिजे आणि ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकलाही.

मूळची चाके १४ इंच व्यासाची, साडेपाच इंच रुंदीची आणि ४५ ऑफसेटची होती. त्यांच्या जागी त्याने १५ इंच व्यासाची, सात इंच रुंदीची, ४० ऑफसेटची जुनी अलॉय रिम घेतली आणि त्यांवर १९५/५० मापाचे सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचे, ट्रॅकसाठीचे टायर चढवले. ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि रिम हबला (गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसते त्याला) टेकते तो पृष्ठभाग यांमधले अंतर. गणित साधे आहे. रुंदी दीड इंचाने वाढल्यामुळे रिमची आतली आणि बाहेरची कड प्रत्येकी १९ मिलिमीटरने सरकली. ऑफसेट पाचने कमी झाल्यामुळे आतल्या बाजूचे पाच मिलिमीटर वाचले आणि तेच बाहेरच्या बाजूला गेले. म्हणजे मूळ चाकाच्या तुलनेत नवे चाक आत १४ आणि बाहेर २४ मिलिमीटर जास्त जागा घेऊ लागले. मागे त्याने काही बिघडले नाही. पुढे मात्र टायरची आतली भिंत आणि शॉक अब्सॉर्बरची नळी यांच्यात फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजून जेमतेम दोन मिलिमीटर उरले. वळणात टायरची भिंत लवचिकपणे आत झुकते, तेव्हा दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून त्याने एका ऑनलाइन दुकानातून पाच मिलिमीटर जाडीचे, अनेक गाड्यांना चालणारे, लांबट खाचांचे स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांमध्ये बसणाऱ्या चकत्या, मागवले, पुढच्या दोन्ही चाकांत ते घातले आणि मूळचेच स्टड (हबमधून बाहेर येणारे, ज्यांवर नट आवळतात ते आट्यांचे दांडे) व मूळचेच नट वापरून तो निघाला.

ट्रॅकवर तिसऱ्या सेशनमध्ये ब्रेक दाबताना पुढून थरथर जाणवू लागली. ट्रॅकवरची थरथर बहुतेक जण टायरवर किंवा डिस्कवर ढकलून मोकळे होतात. याने तसे न करता गाडी पिटमध्ये घेतली, हे त्याचे शहाणपण. डाव्या पुढच्या चाकाचे दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते आणि तिसरा पाना लावताच सैल झाला. त्या दिवसाचे पुढचे सेशन त्याने सोडले, मूळची चाके बरोबर नसल्यामुळे तीच चाके पुन्हा आवळली आणि दर शंभर किलोमीटरला थांबून नट तपासत, ताशी साठ-सत्तरच्या वेगाने तो घरी परतला.

माझ्याकडे आला तेव्हा त्याचा निर्णय झालेला होता. मूळचे स्टड कच्चे होते, अशी त्याची खात्री होती. १२.९ या जास्त ताकदीच्या श्रेणीचे, वीस मिलिमीटर जास्त लांबीचे स्टड घालायचे आणि मजबूत स्टड आहेतच म्हणून स्पेसरही पंधरा मिलिमीटरचा करायचा, म्हणजे गाडी रुंद दिसेल आणि वळणात बसेल, असे त्याने ठरवले होते. मी त्याला एवढेच म्हटले, की आधी सुटलेले चाक काय सांगते ते ऐकू, मग नवीन काय घ्यायचे ते ठरवू.

चाक उतरवल्यावर डिस्क आणि हब यांच्या मधल्या पृष्ठभागावर तांबूस भुकटी दिसली, तर नटाच्या बुडाशी, अलॉयच्या खळग्यात काळपट करडी. लोखंडावर लोखंड बारीक बारीक घासले की तांबूस भुकटी पडते आणि ॲल्युमिनिअम घासले की करडी. म्हणजे नट सैल होण्याआधीपासूनच दोन्ही ठिकाणी हालचाल चालू होती. स्टडच्या आट्यांवर रिमच्या भोकाची कड आपटल्याच्या खुणा होत्या, पण एकही स्टड ताणला गेलेला नव्हता की वाकलेला नव्हता. मजबुतीचा दोष असता तर पुरावा वेगळा दिसला असता.

इथे थोडे थांबून चाक गाडीला कशामुळे धरलेले असते ते स्पष्ट करणे भाग आहे, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज तिथेच जन्मतात. गाडीचे वजन स्टडवर टांगलेले नसते. नट आवळला की स्टड रबराच्या दोरीसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम हबवर दाबली जाते. वजन, ब्रेक, वळण यांचे बल वाहते ते या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणातून. या गाडीच्या नटांना कंपनीने १०८ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) सांगितला आहे. आटे १२ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांमध्ये तेवढे अंतर असलेले, आहेत. आटे कोरडे असतील तर ढोबळ हिशेबाने एका स्टडमागे सुमारे ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास दाब मिळतो आणि चार स्टडचा मिळून अठरा टन. हजार किलोच्या घरातल्या गाडीच्या एका चाकाला हा दाब उदंड आहे. १०.९ श्रेणीचा याच मापाचा स्टड कायमचा न ताणता सुमारे ७३ किलोन्यूटन सहन करतो, म्हणजे आपण त्याच्या ताकदीच्या जेमतेम साठ-बासष्ट टक्के वापरतो. मजबुती आधीच शिल्लक आहे. टिकत नाही तो दाब.

तो का टिकला नाही, याचे उत्तर स्टड किती ताणला जातो या आकड्यात आहे. पकडीत आलेल्या स्टडची लांबी तीस मिलिमीटर धरली तर ४५ किलोन्यूटनला तो ०.०७५ मिलिमीटर ताणला जातो, म्हणजे ७५ मायक्रॉन. या गाडीच्या रिमला ट्रॅकवर जाण्याआधी हौसेने काळे पावडर कोटिंग करून घेतले होते. ज्या दुकानात ते केले त्यांनी हबला टेकणारा पाठचा पृष्ठभाग किंवा नट बसण्याचे खळगे झाकले नव्हते, सगळी रिमच रंगवली होती. पावडर कोटिंगचा थर साधारणतः साठ ते शंभर मायक्रॉनचा असतो. स्टड जेवढा ताणला जातो तेवढीच ही जाडी, आणि ती प्लास्टिकची. ट्रॅकवर ब्रेक तापले, हब तापला, कोटिंग मऊ होऊन दबले, आणि दबलेल्या प्रत्येक दहा मायक्रॉनमागे स्टडचा तेरा टक्के ताण गेला. नट फिरून सैल झाले हे खरे, पण फिरण्याआधीच त्यांच्याखालचा दाब संपला होता.

माझ्या मते हे पहिले आणि सर्वात मोठे कारण. दुसरे कारण नटांचे होते. होंडाच्या मूळ चाकांसाठी नटाचे बूड गोल, चेंडूच्या आकाराचे असते, तर बाहेरच्या बहुतेक अलॉय रिमचे खळगे साठ अंशांच्या शंकूचे असतात. खळग्याला टेकल्याची खूण उमटवणारा निळा रंग लावून नट फिरवला तेव्हा शंकूच्या पृष्ठभागावर पट्टा उमटण्याऐवजी दोऱ्यासारखी एक रेघ उमटली. तेवढ्या रेघेवर साडेचार टन आले की मऊ ॲल्युमिनिअम दबणारच, आणि वर कोटिंगही होतेच. तिसरे कारण स्पेसरचे. हबच्या सपाट पृष्ठभागातून मधला उंचवटा वर येतो तिथे कोपऱ्यात बारीक गोलाई असते. विकतच्या स्पेसरच्या आतल्या कडेला त्या गोलाईसाठी चॅम्फर, म्हणजे तिरकी कापलेली कड, नव्हता, त्यामुळे तो सपाट न टेकता गोलाईवर चढून बसला होता. चाक न लावता स्पेसर हबवर दाबून धरला तर बाहेरच्या कडेखाली ०.१० मिलिमीटरची पाती सहज शिरत होती. आवळल्यावर हे अंतर मिटते, पण जिथे टेकायचे तिथे टेकत नाही आणि हळूहळू बसत जाते. याशिवाय धारवाडजवळ जाताना पंक्चर निघाले होते आणि तिथे हवेच्या गनने नट आवळले गेले, तेव्हा त्या चाकाला किती टॉर्क मिळाला हे सांगता येणार नाही. मी त्याचा दोष पंक्चरवाल्यावर टाकणार नाही. महामार्गावर गन वापरलीच जाणार, हे गृहीत धरूनच निवड केली पाहिजे.

आट्यांच्या पकडीचा मुद्दा उरतो आणि लांब स्टडचा खरा संबंध त्याच्याशी आहे. हे मोजायला कोणतेही खास हत्यार लागत नाही. नट आट्यात पहिल्यांदा धरल्यापासून तो बुडाशी टेकेपर्यंत हाताने किती फेरे फिरतो ते मोजायचे आणि पिचने गुणायचे. योग्य, शंकूच्या बुडाचे नट घेऊन मोजले तेव्हा स्पेसरशिवाय नऊ फेरे भरले, म्हणजे साडेतेरा मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या स्पेसरने त्यातले सव्वातीन फेरे खाल्ले आणि साडेपाचच्या आसपास उरले, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. स्टडच्या व्यासाइतकी तरी पकड हवी, म्हणजे इथे बारा मिलिमीटर किंवा आठ फेरे, हा सर्वत्र मानला जाणारा किमान नियम आहे. त्या नियमाने ही गाडी जाताना आणि येताना दोन्ही वेळा नापास होती. आटे उपटून चाक गेले नाही, याचे श्रेय मी नशिबाला देतो.

आता निवडीकडे. आधी स्पेसरची जाडी ठरवायची आणि मग स्टडची लांबी, हा क्रम मी सोडू दिला नाही. मालकाने उलटा क्रम धरला होता: स्टड लांब मिळतात, तर स्पेसरही जाड घेऊ. पाच मिलिमीटरने नळी आणि टायर यांतले अंतर सात मिलिमीटर होते आणि तेवढे पुरेसे आहे. पंधरा केले तर टायर बाहेर आणखी दहा मिलिमीटर जाऊन पूर्ण दबलेल्या सस्पेन्शनला फेंडरच्या कडेला लागला असता. शिवाय मूळ ४५ ऑफसेटपासून चाकाची मध्यरेषा वीस मिलिमीटर बाहेर गेली असती. स्टीअरिंग ज्या अक्षाभोवती फिरते त्या अक्षापासून टायर जितका बाहेर जातो तितके खड्डे आणि रस्त्यावरच्या खाचा हातात जाणवतात, बेअरिंगवर वाकवणारा भार वाढतो, आणि महामार्गावर ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत गाडी आपोआप ओढली जाऊ लागते. ट्रॅकवर वीस मिनिटे हे सोसता येईल, पण रोज गोकुळ शिरगावला जाताना का सोसायचे? पंधरा-वीस मिलिमीटरसाठी स्वतःचे स्टड असलेले, मूळ स्टडवर वेगळ्या नटांनी आवळले जाणारे जाड स्पेसर मिळतात. ते चांगले बनवलेले असतील तर वाईट नसतात, पण त्यांचे आतले नट चाकाआड लपतात आणि चाक काढल्याशिवाय तपासता येत नाहीत. ट्रॅकच्या दिवशी मला प्रत्येक नट डोळ्यासमोर हवा.

मागच्या चाकांना स्पेसर घातलाच नाही. मागे आत नऊ मिलिमीटर जागा होती आणि नऊ फेऱ्यांची पकडही होती. चारही चाके सारखी दिसली पाहिजेत, हा आग्रह मी समजू शकतो, पण तो आरशासमोरचा आग्रह आहे.

पाच मिलिमीटरचा चांगला स्पेसर मिळवणे मात्र वाटते तितके सरळ नाही. या हबचा मधला उंचवटा ५६.१ मिलिमीटर व्यासाचा आणि मोजून नऊ मिलिमीटर उंचीचा आहे. पाच मिलिमीटर स्पेसर घातला की रिम मधोमध धरायला चारच मिलिमीटर उरतात. रिमचे मधले भोक ७३.१ मिलिमीटरचे, आणि मधली पोकळी भरायला प्लास्टिकची रिंग. ती रिंग ब्रेकच्या उष्णतेने एका बाजूने वितळू लागली होती. रिमचे भोकही ५६.१ असते, तर एवढ्या पातळ स्पेसरला स्वतःची कड देणे अशक्य होते, कारण हबचा उंचवटा आणि रिमचे भोक एकाच मापाचे असताना मध्ये कड बसणार कुठे? भोक मोठे असल्याचा इथे फायदा झाला. आतून ५६.१ चे आणि बाहेरून ७३ चे अशी कड स्पेसरच्या अंगातच ठेवता आली आणि प्लास्टिकची रिंग कायमची गेली.

हे काम शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नर मिस्त्रींनी केले. त्याआधी एक वळण घ्यावे लागले. मालकाच्या मित्रमंडळींपैकी एकाने शिरोलीच्या फाउंड्रीत स्पेसर ओतून देण्याची तयारी दाखवली होती. कोल्हापूरच्या ओतकामाबद्दल मला आदर आहे, तरीही पाच मिलिमीटरच्या ओतीव तबकडीत एखादा वायूचा पोकळ फुगा राहिला तर तो बाहेरून दिसत नाही, आणि इथे तबकडीचे सगळे कामच दाबाखाली न दबण्याचे आहे. म्हणून ६०६१-टी६ जातीच्या ॲल्युमिनिअमच्या गोल बारमधून चकत्या कापल्या. दोन्ही फेस एकाच पकडीत शक्य नसल्यामुळे मिस्त्रींनी दुसऱ्या बाजूसाठी मऊ जबडे त्याच जागी बोअर करून घेतले आणि जाडीतला फरक ०.०२ मिलिमीटरच्या आत आणला. आतल्या कडेला हबच्या गोलाईपेक्षा मोठा चॅम्फर, स्टडसाठी खाचा नव्हेत तर चार नेमकी १३ मिलिमीटरची भोके, आणि हबवर डिस्क धरणारे दोन स्क्रू बाहेर डोकावत नाहीत ना याची खात्री, एवढे केल्यावर चकती हबवर ठेवली तेव्हा फीलर गेजची सर्वात पातळ पातीही कुठून शिरली नाही. रंग, ॲनोडायझिंग, काहीही करून घेतले नाही.

स्टडच्या बाबतीत मिस्त्रींचे आणि माझे पटले नाही. “ईएन चोवीसमध्ये स्टड करून देतो की, त्यात काय एवढं न्हाई,” असे ते त्या जातीच्या पोलादाबद्दल म्हणाले, आणि मालकाने तर १२.९ श्रेणीचे ॲलन बोल्ट आणून ठेवले होते, त्यांची डोकी छाटून हबमध्ये घट्ट रुतणारे दाते पाडायचा बेत होता. मिस्त्रींच्या हातावर माझा अविश्वास नव्हता. पण कारखान्यातल्या स्टडचे आटे कापलेले नसतात, ते दोन साच्यांमध्ये रोल करून उठवलेले असतात, त्यामुळे धातूचे धागे तुटत नाहीत आणि आट्याच्या मुळाशी चीर पडायला उशीर लागतो. लेथवर कापलेला आटा कितीही सुबक असला तरी वारंवार कमी-जास्त होणाऱ्या भाराखाली तो तेवढा टिकत नाही. १२.९ चा मोह आणखी एका कारणाने टाळला. एवढ्या कडक पोलादाला जस्ताचे साधे इलेक्ट्रोप्लेटिंग केले आणि नंतर ते नीट भाजले नाही, तर शोषलेल्या हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होते आणि आवळून ठेवलेला स्टड काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही तुटू शकतो. ३९ रॉकवेलच्या वरची कडकपणाची पातळी या दृष्टीने धोक्याची मानली जाते आणि १२.९ श्रेणी तिथूनच सुरू होते. जी ताकद आपल्याला लागतच नाही तिच्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. आम्ही १०.९ श्रेणीचे, रोल केलेल्या आट्यांचे, काळ्या फॉस्फेटचे तयार स्टड घेतले.

लांबी किती? शंकूच्या बुडाच्या, दोन्ही बाजूंनी उघड्या नटाच्या आतले आटे १६ मिलिमीटरचे होते. स्पेसरसह मूळ स्टडची पकड साडेआठ मिलिमीटर होती. दहा मिलिमीटर जास्त लांबीचा स्टड घेतला की ती साडेअठरा होते, म्हणजे नट पूर्ण भरून अडीच मिलिमीटर, दीड-दोन आटे बाहेर दिसतात. तपासणाऱ्याला लांबूनच कळते की नट भरला आहे. वीस मिलिमीटर जास्त घेतला असता तर साडेबारा मिलिमीटरचा आटा उघडा राहिला असता. रेसिंगमध्ये चाक झटकन चढवता यावे म्हणून पुढे निमुळते टोक असलेले लांब स्टड वापरतात आणि तिथे ते शोभतात. आपल्याकडे डिसेंबर ते मार्च ऊसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवायची, पावसाळ्यात पंचगंगेकाठच्या चिखलातून न्यायची, आणि त्या उघड्या आट्यांवर गंज धरू द्यायचा. शिवाय पंक्चरवाल्याच्या गनला जितके जास्त फेरे फिरवावे लागतात तितके आटे गरम होतात आणि चावण्याचा संभव वाढतो.

लांब स्टडाला बंद टोपीचा नट कधीही लावू नये, हे इथेच सांगितले पाहिजे. स्टडचे टोक टोपीच्या आत टेकते, नट जाम होतो, टॉर्क रेंचही टक् करून बरोबर असल्याचे सांगतो, आणि रिमवर मात्र दाब शून्य असतो. हातातले हत्यार खोटे बोलते आहे हे कळायला मार्ग नसतो.

स्टडच्या मुळाशी असलेल्या दात्यांचा व्यास व्हर्निअरवर मूळ स्टडशी जुळवून घेतला. दाते सैल असतील तर नट काढताना स्टड जागीच गरगर फिरतो आणि घट्ट असतील तर हबच्या कडेला चीर जाण्याचा धोका. या गाडीच्या पुढच्या हबमागे एवढी जागा नाही की लांब स्टड मागून आत घालता यावा, म्हणून हब प्रेसवर काढावा लागला. हब काढताना जोर बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, तेव्हा जुने बेअरिंग परत वापरायचे नाही हे आधीच ठरवून दोन्ही बाजूंची नवी बेअरिंग आणली होती. मालकाच्या खर्चाच्या यादीत हीच ओळ सर्वात मोठी होती आणि ती त्याने आधी धरलीच नव्हती. स्टड प्रेसने दाबताना भोकाभोवतीच्या हबला खालून आधार दिला. नट आणि गन लावून स्टड ओढून बसवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने आटे आधीच ताणले जातात आणि डोके पूर्ण टेकले की नाही हे कळत नाही. सगळे जोडून झाल्यावर हबच्या फेसला डायल गेज लावून तो फिरताना किती डगमगतो ते पाहिले. डावीकडे ०.०३ आणि उजवीकडे ०.०४ मिलिमीटर फरक निघाला, जो मला मान्य होता. डाव्या बाजूचे चारही जुने स्टड भंगारात गेले, सुटलेले दोन-तीनच नव्हेत. एका चाकावर एक नट सैल चालला की शेजाऱ्यांनी त्याचा भार सोसलेला असतो.

रिमच्या पाठचे आणि खळग्यांमधले कोटिंग खरवडून धातू उघडा केला. या कामात कुणाचीही दाद मिळत नाही, कारण रिमचा तो भाग दिसत नाही.

आवळण्याची पद्धत आम्ही लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. हबचा फेस तारेच्या ब्रशने घासावा, ग्रीस कुठेही लावू नये. आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवावेत, कारण तेल लावले आणि टॉर्क मात्र तोच १०८ ठेवला तर घर्षण कमी झाल्यामुळे स्टडमधला ताण साठ-सत्तर किलोन्यूटनपर्यंत जाऊन त्याच्या मर्यादेला भिडू शकतो. आधी हाताने, मग समोरासमोर ६० न्यूटन-मीटरपर्यंत, मग चाक जमिनीला टेकवून १०८ पर्यंत, आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. ट्रॅकवर सेशन संपल्या संपल्या रेंच लावू नये. रिम आणि स्पेसर ॲल्युमिनिअमचे, स्टड पोलादाचा. शंभर अंश तापल्यावर वीस मिलिमीटर ॲल्युमिनिअम पोलादापेक्षा सुमारे ०.०२ मिलिमीटर जास्त फुगते, म्हणजे पकड तात्पुरती वाढते. तेव्हा सगळे नट घट्टच वाटतात, आणि त्या अवस्थेत आवळले तर थंड झाल्यावर काय उरेल याचा भरवसा नाही. हात टेकवता येईल इतके चाक निवाले की मग तपासावे. प्रत्येक नटावरून रिमवर जाणारी पिवळ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे नट फिरला तर रेंच लावण्याआधीच दिसते.

पुढच्या खेपेला इरुंगट्टुकोट्टईत पहिल्या सेशननंतर डाव्या पुढच्या चाकाचा एक नट १०८ ला किंचित फिरला. नव्या पृष्ठभागांचे बसणे म्हणून तेवढे अपेक्षितच होते. त्यानंतरच्या तीन सेशनमध्ये एकही रेघ हलली नाही. परत आल्यावर चाक उतरवले तेव्हा स्पेसरच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वर्तुळभर टेकल्याची खूण होती आणि तांबूस भुकटी नव्हती. टायर नळीला कुठेही लागलेला नव्हता. मालकाची एकच तक्रार होती, की गाडी बाहेरून पूर्वीसारखीच दिसते.

विमा आणि नोंदणीचा मुद्दा त्याला मी वेगळा सांगितला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही. चाकाच्या मापातला बदल विमा कंपनीला लेखी कळवून ठेवणे आणि मूळची चारही चाके विकून न टाकणे, एवढे तरी त्याने करावे असे मी सुचवले. चाके त्याने ठेवली आहेत.

आणि शेवटी राहिली स्टेपनी, जिचा विचार आमच्यापैकी कुणीही, मीसुद्धा, शेवटपर्यंत केला नव्हता. परतीच्या वाटेवर तुमकुरूच्या पुढे पुढचे चाक पंक्चर झाले. डिकीत मूळचे लोखंडी चाक होते. त्याचे खळगे गोल बुडाच्या नटांसाठीचे, म्हणजे शंकूचे नवे नट त्याला चालणार नव्हते. मूळचे गोल बुडाचे नट त्याने जपून ठेवले होते, पण ते बंद टोपीचे, आणि स्टड आता दहा मिलिमीटरने लांब. जे करू नये म्हणून मी वर लिहिले, नेमके तेच करण्याची पाळी त्याच्यावर रस्त्याच्या कडेला आली असती. त्याने टोपीच्या आतली खोली काडीने मोजली, पुरत नाही हे ओळखले, आणि मागचे एक अलॉय काढून पुढे आणले, कारण मागचे स्टड मूळच्याच लांबीचे असल्यामुळे तिथे स्टेपनी मूळच्या नटांनी बिनधोक बसत होती. दोनदा जॅक लावावा लागला, पाऊण तास गेला. आता स्टेपनीच्या मधल्या खळग्यात कापडी पिशवीत चार उघडे, गोल बुडाचे नट बांधून ठेवलेले असतात आणि पिशवीवर मार्करने लिहिले आहे: फक्त लोखंडी चाकासाठी, पुढे स्पेसर काढून.